गोठविलेल्या वीर्याचें प्राणवायूपासून रक्षण

प्राणवायु हा जीवमात्राचा आधार होय. परंतु वीर्य गोठवितांना तोच शुक्रजंतूंचा शत्रु बनतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. म्हैस माजावर आली, वेळेवर कृत्रिम रेतन केलें, आणि तरीहि ती उलटली, म्हणजे पुढील माजापर्यंत सुमारें २१ दिवस वायां जातात. वैरणीचा खर्च मात्र थांबत नाहीं. अशा वेळीं दोष म्हशीच्या माथीं मारला जातो. तो कित्येकदां कांडींतील वीर्याचा असतो.

लंडनमधील मिल हिल येथील प्रयोगशाळेंत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनीं १९४९ सालीं ग्लिसरीनच्या साह्यानें कोंबड्याचे शुक्रजंतु गोठविले. वितळविल्यावर ते पुन्हां हालचाल करूं लागले. (बाटलीवरील चिठ्ठीचा घोटाळा या शोधास कारण झाला, ही एक गमतीचीच गोष्ट.) बर्फाच्या स्फटिकांपासून होणारी इजा ग्लिसरीननें पुष्कळ कमी होते, आणि म्हणूनच आज वीर्याच्या कांड्या द्रवरूप नत्रवायूंत, शून्याखालीं १९६ अंश सेंटिग्रेडवर, वर्षानुवर्षें ठेवितां येतात. पण बर्फ हा एकच शत्रु नव्हे.

शुक्रजंतूचें आवरण नाजूक स्निग्ध द्रव्यांचें असतें. घरांतील तेल जसें हवेनें खवट होतें, तसेंच हेंहि होतें. गोठण्याच्या व वितळण्याच्या धक्क्यानें पेशींत प्राणवायूचीं अतिशय क्रियाशील रूपें वाढतात. तीं आवरणांतील एका कणास बाधतात, तो कण शेजारच्या कणास, आणि गवताच्या गंजींत आग पसरावी तशी ही क्रिया पसरते. रेड्याच्या शुक्रजंतूंत असे सहज खवटणारे स्निग्धांश विशेष असल्यामुळें त्याचें वीर्य गोठविणें अधिक जिकिरीचें असतें. त्यांतच शुक्रजंतूच्या अंगीं पेशीद्रव्य अत्यल्प, म्हणून स्वसंरक्षणाचें सामर्थ्यहि तोकडें. वीर्यरसांत तें असतें, पण वीर्य पातळ करतांना तोहि विरळ होतो. शिवाय वळूचे शुक्रजंतु स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतात, असें तोसिच व वॉल्टन यांनीं १९४६ सालींच दाखविलें होतें.

यावर उपाय म्हणून अंड्याचा बलक, ग्लिसरीन इत्यादींच्या मिश्रणांत अँटिऑक्सिडंट, म्हणजे प्राणवायूचा हा मारा आवरणारीं द्रव्यें, घालतात. ई जीवनसत्त्व आवरणांत शिरून खवटण्याची सांखळी तोडतें. ग्लुटाथायोन व सी जीवनसत्त्व पाण्याच्या भागांत काम करतात. कॅटलेज पेरॉक्साइडचें पाणी व प्राणवायु करतें. परंतु अधिक घातलें म्हणजे अधिक लाभ, हा समज घातक आहे. फलनास योग्य होण्यासाठीं शुक्रजंतूस या क्रियाशील रूपांचा किंचित् अंश लागतोच. तो सर्वस्वीं पुसून टाकिला, तर जंतु हालत असूनहि फलनास असमर्थ ठरूं शकतो. केवळ सूक्ष्मदर्शकाखालील हालचाल पाहून एखाद्या द्रव्याची स्तुति करणें म्हणूनच घाईचें. खरी परीक्षा गाभण राहिलेल्या जनावरांच्या संख्येवर व्हावी.

कांडी नत्रवायूंतून काढतांच ३७ अंशांच्या पाण्यांत सुमारें ३० सेकंद वितळवून लगेच वापरावी लागते. पात्राच्या तोंडाशीं ती रेंगाळत धरली, तर आंत झालेली हानि कोणत्याहि जीवनसत्त्वानें भरून येत नाहीं.