गाय, बाई आणि नऊ महिने नऊ दिवस

बारामती-इंदापूर भागात पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून मग एसटीने कॉलेजला येणारी मुलं-मुली पुष्कळ. गाय कधी भरवायची हे यांना अर्ध्या दिवसाच्या फरकाने सांगता येतं: माज सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पण बाईला दिवस कधी राहू शकतात, असं विचारलं की उत्तरं गडबडतात. कोणी म्हणतं पाळीच्या दिवसांतच, कोणी म्हणतं बरोबर चौदाव्या दिवशी, कोणी छातीठोकपणे सांगतं की पहिल्या वेळी काही होत नाही. जीवशास्त्राचा अर्धा धडा ज्याच्या गोठ्यात बांधलेला आहे, त्याची ही गत.

गोठ्यात जे उघड दिसतं ते माणसात झाकलेलं असतं, ही खरी अडचण. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, हंबरते, दुसऱ्या गायींवर उड्या मारते. माज संपल्यावर दहा-बारा तासांनी स्त्रीबीज सुटतं. बाईच्या शरीरात तेच बीज गाजावाजा न करता सुटतं. बघणाऱ्याला कळत नाही, बहुतेकदा तिला स्वतःलाही नाही.

रक्ताचा घोटाळा तर फारच मजेशीर आहे. कित्येक गायींना माजानंतर एक-दोन दिवसांनी थोडं रक्त जातं आणि जाणता शेतकरी म्हणतो, वेळ हुकली. बाईचं रक्त वेगळ्याच गोष्टीचं. बीज सुटून साधारण दोन आठवडे उलटले, गर्भ राहिला नाही, की गर्भाशयाचं आतलं अस्तर गळून पडतं. म्हणजे पाळी हा माज नव्हे. तरीही पाळीतले दिवस हमखास सुरक्षित नसतात, कारण शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीज जगतं जेमतेम १२ ते २४ तास. संबंध आला सोमवारी, बीज सुटलं शुक्रवारी, तरी गर्भ राहू शकतो. आणि चौदावा दिवस? तो २८ दिवसांच्या पाळीचा हिशेब. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बराचसा ठरलेला, चौदा दिवसांच्या आसपास. मागेपुढे होतो तो त्याआधीचा काळ. २४ दिवसांनी पाळी येणाऱ्या मुलीचं बीज दहाव्या दिवशीच सुटू शकतं, आणि परीक्षेच्या ताणात हे गणित आणखी सरकतं. पहिली वेळ की दहावी, याची नोंद बीज ठेवत नाही.

एक खूण मात्र गाय आणि बाई दोघींत सारखी आहे. माजावरच्या गायीच्या शेपटीखाली काचेसारखी पारदर्शक, ताणली जाणारी तार लोंबते, ती इथल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. बीज सुटायच्या आधीच्या दिवसांत बाईचा स्रावही तसाच पातळ, निसरडा होतो, आणि त्यातूनच शुक्राणूंना वाट मिळते. कितीतरी मुली तो पाहून घाबरतात, अंगावरून जातंय, अशक्तपणा येणार म्हणून. गायीत जिला आपण चांगली खूण म्हणतो, तीच स्वतःत दिसली की आजार!

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दलही असाच गैरसमज. ती गर्भपाताची गोळी नव्हे. ती बीज सुटणं लांबवते, म्हणून संबंधानंतर ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी. बीज सुटून गेलं असेल तर तिच्या हातात फारसं काही नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. पपईही पाडत नाही. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांचं गर्भाशय आकुंचन पावल्याचं प्रयोगात दिसलंय, तेवढंच. पपई खाऊन वाट बघण्यात आठवडे जातात, खरा धोका तिथे आहे. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होऊ शकतो, आणि अविवाहितेलाही हा मार्ग बंद नाही. ग्रहणाचंही तसंच: त्याने पोटातल्या बाळाचा ओठ फाटतो म्हणतात, पण वरचा ओठ पहिल्या सात आठवड्यांच्या आतच जुळून होतो. ग्रहणात घरात कोंडलेल्या बहुतेक गर्भवतींच्या पोटात ते काम कधीच उरकलेलं असतं.

बरं, 'नऊ महिने नऊ दिवस' कोणाचे? हिशेब केला तर सुमारे २८३ दिवस. गायीला रेतन केल्यापासून वेताची तारीख मोजा, जवळपास तेवढेच भरतात. बाईचे मात्र गर्भ राहिल्यापासून सुमारे २६६. डॉक्टर २८० म्हणतात, कारण ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ मुळी नसतोच. 'दोन आठवड्यांची गरोदर' म्हणजे कागदावर गरोदर, पोटात अजून काही नाही.

आता सगळ्यात जुना गैरसमज, मुलगी झाली तर सुनेचा दोष. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने अळीतून वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी पाहून दाखवलं, की लिंग ठरतं ते नराच्या शुक्राणूवरून. सूक्ष्मदर्शक नको असेल तर गोठ्यातच बघा. कालवडीच व्हाव्यात म्हणून जी 'सेक्स्ड सीमेन'ची कांडी आणतात, तिच्यात काय केलेलं असतं? वळूच्या शुक्राणूंत एक्स गुणसूत्र असलेल्यांत डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो. चमकणारा रंग देऊन ते एकेक करून लेझरसमोरून सोडतात. ज्यात जास्त चमक तो बाजूला निघतो. मग उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये गोठवून कांडी गावात येते, शासन तिला अनुदानही देतं. माणसात गर्भाचं लिंग निवडायला मात्र मनाई: महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर १९८८ मध्येच कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. ज्या घरात नातीवरून सुनेला टोमणे, त्याच घरात कालवडीसाठी जादा पैसे मोजतात. कांडीची खात्री दहात नऊची असते. उरलेल्या एका वेळी गोऱ्हा झाला, तर गायीला कोणी बोल लावत नाही. कांडीवाल्याला फोन जातो.