परदेशी शाळा आणि सोबतीचे माणूस

'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्या जिल्ह्यात लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. ती व्यापारउदिमाच्या भरभराटीवरून पडली असली, तरी पाळण्याच्या नावाने मूल आठवते, आणि मूल मोठे झाले की पाळणा सोडून जाते हेही आठवते. पूर्वी ते विद्येसाठी औरंगाबादेस, हैदराबादेस किंवा पुण्यास जाई. आता काही सुस्थितीतील घरांतून दहा-बारा वर्षांच्या मुलास सिंगापूर, ऑस्ट्रेलिया अथवा इंग्लंड येथील शाळेत घालण्याचा विचार ऐकू येतो. शाळा कोणती व शुल्क किती, याची चर्चा महिनोन्महिने चालते. परंतु मुलाबरोबर जाऊन राहावयाचे कोणी, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी निघतो आणि 'आई जाईल की' एवढ्यावर मिटतो. आमच्या मते तोच पहिला प्रश्न असावयास पाहिजे.

जुनी बिऱ्हाडे

सोबतीचे माणूस ही कल्पना आपल्या कुटुंबांस नवी नाही. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्यामुळे मराठी मुलांपुढे हैदराबाद की पुणे असा पेच असे. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने मुलगा गावाबाहेर पडला, की ऐपत असलेल्या घरातील आजी किंवा विधवा आत्या शहरात दोन खोल्यांचे बिऱ्हाड करी. ज्यांची तेवढी ऐपत नसे, त्यांची मुले वार लावून जेवत. या आजी-आत्यांच्या कष्टांचा जमाखर्च कोणी मांडला नाही. तथापि त्यांच्या भोवती आपली भाषा होती, देऊळ होते, शेजार होता, आणि मन उदास झाले तर आगगाडीने घर गाठता येत होते. तेथे राहावयास कोणा सरकारचा परवाना लागत नव्हता.

आमच्याच जिल्ह्यातील जांबेचे समर्थ रामदास बाराव्या वर्षी एकटे घराबाहेर पडले, हे खरे. परंतु त्याच परंपरेत, पुत्रवियोगाने राणूबाईंची दृष्टी गेली असेही सांगतात. समर्थ एखादेच निपजतात. राणूबाई मात्र घरोघर असतात.

परक्या घरी ठेवलेल्या मुलाचे काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अरविंद घोष यांचे आहे. १८७९ साली, वयाच्या सातव्या वर्षी, वडिलांनी त्यांस भावांसह मँचेस्टरच्या एका पाद्र्याच्या घरी ठेविले. विद्या उत्तम झाली. परंतु १८९३ साली परत येऊन सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्यास राहिल्यावर त्यांस स्वतःच्या मातृभाषेचा अभ्यास मुद्दाम करावा लागला. आपले माणूस सोबत असावे ते एवढ्यासाठी. केवळ स्वयंपाकासाठी नव्हे.

देशोदेशींचे नियम

या बाबतीत प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. ऑस्ट्रेलियात अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याच्या पालकास स्वतंत्र व्हिसा मिळतो. आईबापांनी लेखी नेमल्यास आजी, काका, मावशी असा एकवीस वर्षांवरील नातलगही जाऊ शकतो. परंतु त्यास तेथे नोकरी करता येत नाही, आणि तशीच निकड असल्याखेरीज व मुलाची दुसरी मान्य व्यवस्था लाविल्याखेरीज मुलास मागे ठेवून देश सोडता येत नाही. म्हणजे घरी लग्न निघाले, तर सोबतीच्या माणसाने सहज येऊन जावे असे होत नाही.

इंग्लंडची रीत याहून कडक आहे. तेथे हा व्हिसा खासगी शाळेत शिकणाऱ्या चार ते अकरा वर्षांच्या मुलासाठीच असतो. तोही फक्त आईस किंवा बापास, दोघांस एकदम नाही. काम करावयाचे नाही, शिकावयाचे नाही, आणि आपले मुख्य घर स्वदेशीच ठेवावयाचे. मुलास बारा वर्षे पूर्ण झाली की सोबत संपते. तेथील आणखी एक नियम एकत्र कुटुंबांनी ध्यानात घ्यावा. सोळा वर्षांखालील मूल जवळच्या नातलगाखेरीज दुसऱ्या कोणाकडे अठ्ठावीस दिवस किंवा अधिक राहावयाचे असेल, तर स्थानिक अधिकाऱ्यांस तसे कळवावे लागते. त्या कायद्यात आजी-आजोबा, सख्खे काका, मामा, मावशी, आत्या हे जवळचे ठरतात. चुलतभाऊ ठरत नाही. आपण ज्यास 'घरचाच' म्हणतो, तो तेथे परका असतो.

न्यूझीलंडमध्ये आईबाप अथवा कायदेशीर पालक यांसच सोबत राहता येते. मात्र वेगळी परवानगी काढल्यास शाळेच्या वेळात, सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच, थोडे काम करण्याची सोय आहे. सिंगापूरचा नियम आईबरोबर आजीचेही नाव घेतो, हे वाचून आमच्या वृद्ध भगिनींस संतोष वाटेल. कॅनडात असा खास व्हिसा नाही. पालक पाहुणा म्हणूनच जातो, आणि सतरा वर्षांखालील मूल एकटे असल्यास तेथील नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या माणसाने त्याची जबाबदारी लेखी घ्यावी लागते. अमेरिकेत विद्यार्थ्यावर अवलंबून म्हणून पतीपत्नी व मुले यांस व्हिसा मिळतो, आईबापांस नाही. असे नियम वरचेवर बदलतात. यास्तव दलालाच्या शब्दावर विसंबू नये, त्या त्या सरकारचे मूळ निवेदन स्वतः वाचावे.

आपला कायदा व आपले कागद

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक म्हणजे बाप व त्यानंतर आई. 'त्यानंतर' याचा अर्थ 'बापाच्या मृत्यूनंतर' एवढाच नव्हे, त्याच्या अभावी बाप हयात असतानाही आई पालक होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले. आजीस मात्र नैसर्गिक पालकत्व नाही. जेथे परदेशी सरकार 'कायदेशीर पालक' मागते, तेथे साधे संमतिपत्र पुरेलच असे नाही. १८९० च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाकडून नेमणूक करून घ्यावी लागते, आणि मुलाचे वास्तव्य येथे असल्यास तो अर्ज जालन्याच्या जिल्हा न्यायालयातच जातो.

दुसरी अडचण नावांची. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे आडनावच काय, नावही बदलण्याची चाल होती. मुलाच्या जन्मदाखल्यावर एक नाव, आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि पासपोर्टावर तिसरे, असे असले म्हणजे ही एकच बाई आहे हे सिद्ध करण्यात महिने जातात. ते काम शाळेच्या प्रवेशाआधी उरकावे.

त्या माणसाचे काय?

वरील सर्व नियमांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. मुलास मिळतो तो विद्येचा परवाना. सोबत जाणाऱ्यास मिळतो तो बहुधा रिकामे बसण्याचा. ज्या आईने बँकेत अथवा महाविद्यालयात पंधरा वर्षे नोकरी केली, तिने ती सोडावयाची, परमुलखात मूल शाळेतून येईपर्यंत भिंतींकडे पाहावयाचे, आणि घरखर्चास प्रत्येक महिन्याला नवऱ्याकडे मागावयाचे. मूल सुटले म्हणजे चाळिशी-पंचेचाळिशीत परत येऊन तिने पुन्हा कोठून आरंभ करावा, हे तिला कोणी विचारीत नाही. आजी गेली तर तिच्या औषधांचा, थंडीचा व एकटेपणाचा प्रश्न आहेच. इकडे बाप व वडीलधारी मंडळी यांचेही घर अर्धे होते.

म्हणून घरातील सर्वांनी एकत्र बसून काही गोष्टी आधी ठरवाव्या. जाणाऱ्या माणसास खरोखर जावयाचे आहे काय, हे त्यास एकांतात विचारावे. दहा जणांसमोर सून 'नाही' म्हणत नाही. मुदत ठरवावी, व ती संपल्यावर पुढे कोण, हेही ठरवावे. तिच्या स्वतःच्या नावाने ठराविक रक्कम नियमाने जमा व्हावी. तो उपकार नव्हे, वेतन होय. आजारपणाचा विमा मुलाइतकाच तिचाही उतरावा. जेथे शिकण्यास मुभा आहे, जसे ऑस्ट्रेलियात आठवड्यास वीस तासांपर्यंत इंग्रजीचे वर्ग करता येतात, तेथे तिने ती अवश्य घ्यावी.

आणि या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर थांबावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यास सोबतीचे माणूस लागत नाही. तोवर येथील शाळेत बारावीपर्यंत शिकल्याने कोणाची बुद्धी गंजत नाही. उलट मातृभाषा व घर ही दोन्ही पक्की होतात. मुलाच्या उत्कर्षासाठी घराने झिजावे, हे आपल्या संस्कृतीस शोभणारेच आहे. परंतु सगळ्या घराची झीज एकाच माणसाच्या वाट्यास घालणे, आणि तीही त्यास न विचारता, हे मात्र शोभणारे नाही.