ऐतिहासिक चित्रपटातील विनोद आणि उपहास : स्वरूप व पथ्ये

प्रस्तावना :
शिरवळहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट ओलांडला की वाईजवळ, कृष्णाकाठी मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाडा पाहताना आठवतात ते पेशवाईचे मुत्सद्दी कारभारी. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना मात्र विलासी, धूर्त आणि हास्यास्पद आहेत. इतिहासातील व्यक्तीला हसण्याचा विषय करणे केव्हा अर्थपूर्ण ठरते आणि केव्हा ती निव्वळ विटंबना होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वगाची परंपरा :
मराठीत या प्रकारच्या उपहासाचे मूळ तमाशातील वगात सापडते. वगातील राजा, प्रधान, कोतवाल जुन्या काळाचे असले तरी सोंगाड्याचे बोलणे चालू काळाचे असते. गण-गवळण आणि बतावणीमुळे हा खेळ आहे हे प्रेक्षकाने आधीच मान्य केलेले असते. त्यामुळे येथे कालविपर्यास दोष न ठरता उपहासाचे साधन बनतो.

रंगमंचाकडून पडद्याकडे :
‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनी स्पष्ट केले होते. तरीही नानांच्या चित्रणावरून मोठा वाद झाला. नाटकाचा खरा रोख व्यक्तीवर नसून व्यवस्थेवर होता. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम घडवते आणि गरज संपताच त्याला जमावाच्या हवाली करते. रंगमंचावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांचीच भिंत होत असल्याने घडते ते नाट्य आहे याची जाणीव सतत राहते. १९७६ मध्ये या नाटकावर चित्रपट निघाला. चित्रपट या माध्यमाची मूळ अडचण येथे ध्यानात येते. कॅमेऱ्यापुढे खरा दगडी वाडा आला की प्रेक्षक प्रसंगही खरा मानू लागतो. वगाला परंपरेने मिळालेली मोकळीक चित्रपटाला स्वतः निर्माण करावी लागते.

दोन मार्ग :
२००९ मधील दोन चित्रपटांनी ही मोकळीक निरनिराळ्या रीतीने मिळवली. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’मध्ये महाराज आजच्या मुंबईत अवतरतात. ही कल्पना उघडच अद्भुत असल्याने इतिहासाशी गल्लत होत नाही. शिवाय हसू महाराजांवर नव्हे, तर न्यूनगंडाने पिचलेल्या दिनकर भोसल्यावर आणि भोवतालच्या समाजावर येते. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने उलट वाट धरली. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी नटी मिळाली नाही आणि उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, ही हकिगतच मुळात विनोदी आहे. येथे कल्पित थट्टेची गरज उरत नाही. हसू येते ते सिनेमाला कमी लेखणाऱ्या समाजाच्या संकोचावर. फाळक्यांची जिद्द त्यातून अधिकच उजळते.

निष्कर्ष :
वेशभूषा, जुनी भाषा किंवा शाब्दिक कोट्या यांवर असा चित्रपट उभा राहत नाही. कोणता भाग इतिहासाचा आणि कोणता कल्पनेचा, याची खूण प्रेक्षकाला मिळाली पाहिजे. आणि हसण्याचा रोख आज जिवंत असलेल्या दोषावर हवा. पहिले पथ्य सुटले तर गैरसमज पसरतो, दुसरे सुटले तर मृतांची कुचेष्टा उरते. वर्गात अशा कलाकृती शिकवताना मूळ इतिहास शेजारी ठेवल्यास विद्यार्थी दोन्ही नाना ओळखू शकतील. एकाचा अभ्यास करताना दुसऱ्यावर बंदी मागण्याची गरज त्यांना वाटणार नाही.