विकिरण केलेला कांदा आणि किरणोत्सारी कांदा

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. तिथे कांद्यांवर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग तो कांदा किरणोत्सारी होत नाही का?

नाही होत. किरणोत्सारी असतो तो कोबाल्ट, आणि तो धातूच्या नळ्यांत बंद असतो. त्याचा कणही कांद्यापर्यंत पोचत नाही. पोचतात ते फक्त किरण. त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. एवढी ऊर्जा डीएनए तोडायला पुरते, म्हणून कोंबाच्या पेशी वाढत नाहीत आणि कांद्याला मोड येत नाहीत. पण कांद्यातल्या अणूंची केंद्रकं बदलून त्यांना किरणोत्सारी करायला ती अपुरी पडते. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवरही हेच किरण सोडले जातात; तिथे निशाण्यावर असतो कोयीतला भुंगा. उलट बाजूचा एक गैरसमजही आहे. किरण दिले की कांदा कसाही ठेवा, टिकतोच, असं काहींना वाटतं. कोंब थांबतो, सड नाही. त्यासाठी माल आधीच निवडून घ्यावा लागतो आणि थंड साठवण लागते ती लागतेच.

किरण अंगावर पडणं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगात जाणं, यांची गल्लत झाली की भीती भलत्याच जागी जाते. एक्स-रे काढून आलेल्या माणसाजवळ बसायला काहीच हरकत नसते. यंत्र बंद झालं की किरण संपले. चेर्नोबिलच्या १९८६ मधल्या अणुभट्टीच्या अपघातात मात्र किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर पडलं, गाईंच्या दुधात उतरलं आणि मुलांच्या थायरॉईड ग्रंथीत जाऊन साठलं. नंतरच्या वर्षांत तिथल्या मुलांमध्ये थायरॉईडचे कर्करोग वाढले.

या आयोडीनचं अर्धायुष्य जेमतेम आठ दिवसांचं. अर्धायुष्य जितकं लांब तितका पदार्थ घातक, हा समज इथेच कोसळतो. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य साडेचारशे कोटी वर्षांचं आहे, याचा अर्थ ते अत्यंत सावकाश क्षय पावतं. माझ्या मते जास्त धास्ती घ्यावी ती मधल्यांची. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य तीस वर्षं: तीव्रता जाणवावी इतकं कमी, आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्या नासावी इतकं जास्त.

शून्य किरणोत्सार तसा कुठेच नसतो. प्रौढ माणसाच्या शरीरातल्या पोटॅशियम-४० चे दर सेकंदाला चारेक हजार अणू क्षय पावत असतात.

राहता राहिली अणुभट्टी बॉम्बसारखी फुटेल, ही भीती. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्या याच इंधनावर चालतात. युरेनियमच्या बॉम्बसाठी ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं. तेव्हा अणुभट्टीचा अणुबॉम्ब होऊ शकत नाही.

पण एवढ्यावर निश्चिंत होणाऱ्यांना जपानमधल्या फुकुशिमाची गोष्ट सांगावी लागते. ११ मार्च २०११ च्या भूकंपात तिथल्या चालू अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या, साखळी प्रक्रिया थांबली. तरी विखंडनातून उरलेले किरणोत्सारी अणू क्षय पावतच राहतात; भट्टी बंद केल्याक्षणी त्या क्षयातून निघणारी उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, आणि ती बंद करायचं बटण नाही. त्सुनामीने वीज गेली, पंप थांबले, पाणी उकळून आटलं. तापलेल्या झिर्कोनियमच्या नळ्यांची वाफेशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन साठला. इमारतींची छपरं उडवली ती त्या हायड्रोजनने.