ठिपक्यांचा सडा

सर्व्हेअर काकांचा फोन आला तेव्हा मी निवांत होतो. आदल्याच आठवड्यात आमच्या कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढणाऱ्या प्रोग्रॅमला दहा लाख रँडम पॉइंट भरवले होते आणि त्याने साधा ढेकरही दिला नव्हता. काका म्हणाले, "साहेब, साडेतीनशे पॉइंटची फाइल आहे. टाकली की नुसतं चक्र फिरतंय."

दहा लाख पचवणारा गडी साडेतीनशेला अडतो म्हणजे फाइलच खराब असणार, असं मी ठरवून टाकलं. फाइल मागवून घेतली. तिच्यात खोट काढायला जागाच नव्हती. काकांनी एका पडीक जमिनीवर दहा-दहा मीटरवर खुंट्या ठोकून लेव्हल घेतल्या होत्या, सुरुवातीच्या खुंटीला १०००, १००० हे निर्देशांक धरून. बांधाच्या कडेने सगळे पॉइंट एका सरळ ओळीत. दोन पॉइंट तर दोनदा आलेले, एकदा जेवणाआधी आणि एकदा जेवणानंतर खात्रीसाठी.

कंटूर काढायच्या आधी सगळ्या पॉइंटचे त्रिकोण पाडावे लागतात. ते कसेही पाडून चालत नाही. कुठल्याही त्रिकोणाच्या तीन टोकांतून जाणारं वर्तुळ काढलं तर त्याच्या आत चौथा पॉइंट येता कामा नये, हा देलोने नावाच्या रशियन गणितज्ञाचा १९३४ सालचा नियम. चौथा आत आला तर त्या चौघांच्या चौकोनातला मधला कर्ण उलटायचा. आता दहा मीटरच्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात. हा कर्ण घ्या किंवा तो, दोन्ही बरोबर. आमच्या प्रोग्रॅमने कर्ण उलटला, पुन्हा तपासलं, चौथा पॉइंट बरोब्बर वर्तुळावर दिसला, म्हणून परत उलटला. मी 'शून्यापेक्षा मोठं' लिहायच्या जागी 'शून्याएवढं किंवा मोठं' लिहिलं होतं. तेवढ्या एका बरोबरच्या चिन्हापायी तो एकच कर्ण रात्रभर कुशी बदलत राहिला असता.

मग दहा लाखांत हे कसं दिसलं नाही? कारण त्या दहा लाखांत चार पॉइंट अचूक एका वर्तुळावर येण्याचा योग व्यवहारात नाहीच. तीन अचूक एका रेषेवर येण्याचाही नाही, आणि दोन एकाच जागी पडण्याचाही नाही. रँडम पॉइंट फार सभ्य असतात. एकमेकांच्या पायावर पाय देत नाहीत, रांग लावत नाहीत. मी एकच सोपी परीक्षा दहा लाख वेळा घेतली होती. माणसाने आखलेली जमीन मात्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखी असते, छिद्रांच्या कागदावरून उतरवल्यासारखी.

तेव्हापासून माझ्या कामात एक नवीन काम शिरलं, मुद्दाम वाईट ठिपके बनवण्याचं. ते मी सीगॅलवर करतो. कॉम्प्युटेशनल जॉमेट्री अल्गोरिदम्स लायब्ररी हे तिचं पूर्ण नाव. युट्रेक्ट, झुरिक, सारब्रुकेन, तेल अवीव इथल्या संशोधकांनी इतर काही संस्थांबरोबर १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. तिचं त्रिकोणीकरण वापरायचं तर जीपीएल या खुल्या परवान्याच्या अटी पाळा नाहीतर वेगळा परवाना विकत घ्या, म्हणून आमचं त्रिकोणीकरण घरचं आणि तपासणीपुरती सीगॅल. तिच्यात ठिपके पाडायची वेगवेगळी यंत्रंच आहेत. चकतीत पाडणारं, वर्तुळाच्या कडेवर पाडणारं, चौकोनात, गोलावर, जाळीवर. शिवाय पडलेले ठिपके किंचित हलवणारं एक आणि असलेल्यांतून काही उचलून पुन्हा टाकणारं एक.

ही यंत्रं आपणच का लिहू नयेत, असं टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने विचारलं. चकतीचं तिने चार ओळींत लिहूनही दाखवलं. शून्य ते ३६० मधला कुठलाही कोन घ्यायचा, शून्य ते त्रिज्या यांतलं कुठलंही अंतर घ्यायचं, झाला ठिपका. मी म्हटलं, हजार पाडून बघ. स्क्रीनवर मधोमध काळा गोळा आणि कडेला विरळ कोंडा. तिने आधी रँडम नंबरवर संशय घेतला, मग माझ्या मॉनिटरवर. मी कागदावर चकती काढून आत अर्ध्या त्रिज्येची दुसरी काढली. आतली चकती क्षेत्रफळाने पाव, पण तिच्या पद्धतीने अर्धे ठिपके तिथेच जाणार. पाव जागेत पाचशे, उरलेल्या पाऊण जागेत पाचशे. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे वर्गमूळ घ्यायचं." बरोबर. शून्य ते एकमधल्या रँडम आकड्याचं वर्गमूळ घेऊन त्याने त्रिज्येला गुणायचं. सीगॅलच्या आत तेच आहे. दुसरा रस्ता आडदांड पण सोपा. बाहेरच्या चौकोनात ठिपके टाकायचे आणि चकतीबाहेर गेले ते फेकायचे. शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तर वाचतात.

गोलाच्या पृष्ठभागावर हीच चूक ध्रुवांवर गर्दी करते. तिथे अक्षांश रँडम घ्यायचा नसतो, उंची घ्यायची असते. गोलाचे सारख्या उंचीचे काप केले तर प्रत्येक कापाचं पृष्ठफळ सारखं येतं, हे आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वी दाखवलेलं आपल्याला आजही फुकट वापरता येतं.

माझा ठरलेला मसाला असा. पाच हजारांची फोडणी असेल तर तीन हजार चकतीत. हजार जाळीवर, म्हणजे एका वर्तुळावरच्या चौकड्या हव्या तेवढ्या. पाचशे आधीच्यांतलेच पुन्हा, काकांच्या जेवणानंतरच्या पॉइंटसारखे. उरलेले पाचशे अशा रेषांवर, ज्या आधीच्या कुठल्यातरी दोन ठिपक्यांतून जातात. आणि मग सगळे पत्त्यांसारखे पिसायचे. हे पिसणं मी आधी चैन समजायचो. पण आमचा प्रोग्रॅम एकेक पॉइंट आत घेत त्रिकोण वाढवतो, त्यामुळे जाळीचे हजार ओळीने आले तर तो एका वाटेने जातो आणि विखरून आले तर दुसऱ्या. ठिपके कसे बनले हे त्याला कळू द्यायचं नाही.

रेषेवरच्या त्या पाचशेंची एक गंमत आहे. ते रेषेवर नसतातच. दोन ठिपक्यांमधला तिसरा काढताना आलेला आकडा कंप्युटर आपल्या जवळच्या आकड्याला टेकवतो, आणि ठिपका रेषेपासून केसाच्या लाखाव्या हिश्श्याने सरकतो. वर्तुळाच्या कडेवरच्यांचंही तेच. मला आधी हा लायब्ररीचा दोष वाटला होता. आता तीच तिची मोठी देणगी वाटते, कारण खरी खोड तिथेच बाहेर पडते.

२००४ मध्ये केटनर, मेलहॉर्न, पिऑन, शिरा आणि याप या पाच जणांनी एक प्रयोग मांडला. (१२, १२) आणि (२४, २४) हे दोन ठिपके पक्के धरायचे. तिसरा (०.५, ०.५) पाशी ठेवून दोनाच्या उणे ५३व्या घाताएवढ्या पावलांनी सरकवायचा, आडव्या दिशेला २५६ जागा आणि उभ्या दिशेला २५६. प्रत्येक जागी विचारायचं, हा रेषेच्या डाव्या अंगाला की उजव्या की रेषेवर? तीन उत्तरांना तीन रंग. मी तो एका दुपारी स्वतः करून पाहिला. शाळेतली भूमिती म्हणते की तिरकी एक रेघ दिसावी, वर एक रंग, खाली दुसरा. स्क्रीनवर आली ती गोधडी. डाव्याच्या मुलखात उजव्याची ठिगळं, मध्ये 'रेषेवर'चा जाड पट्टा, त्याच्या कडा जिन्यासारख्या. सूत्र तेच, दोन गुणाकार आणि वजाबाक्या. ते बघितल्यावर मी आमच्या कोडमधला हा प्रश्न जिथे जिथे विचारला होता त्या जागा शोधल्या. सतरा निघाल्या. सीगॅल अशा वेळी आधी झटपट हिशेब करते आणि चूक किती असू शकते तेही सोबत मोजते. उत्तर त्या चुकीच्या टप्प्यात आलं तरच अचूक आकड्यांचा संथ हिशेब करते. आम्ही सतराही ठिकाणी हीच युक्ती बसवली. वर्तुळाच्या प्रश्नाला मात्र हात लावला नाही. तो नीट चाललाय, असं वाटत होतं.

सीडबद्दल सांगायलाच हवं. रँडम आकडे रँडम नसतात. एका आकड्यापासून सुरू होणारी ती ठरलेली माळ असते, आणि तो पहिला आकडा म्हणजे सीड. सीड घड्याळातून घेतलं की दर वेळी नवी माळ. आम्ही तसंच ठेवलं होतं. एका रात्री टेस्ट पडली, सकाळी तीच टेस्ट हसतमुखाने पास. दोन दिवस ती पुन्हा पाडायच्या नादात गेले, पण तो सडा परत पडला नाही. तेव्हापासून टेस्टची पहिली ओळ सीड छापते. पुढे कळलं की एवढ्यानेही भागत नाही. सी प्लस प्लसमधल्या मर्सेन ट्विस्टर या रँडम आकडे देणाऱ्या यंत्राने नेहमीच्या सीडवर दहा हजारावा आकडा ४१२३६५९९९५ च द्यायला हवा, असं त्या भाषेच्या मानकात लिहिलेलं आहे. पण त्या आकड्यांतून हव्या त्या टप्प्यातला आकडा कसा काढायचा, हे प्रत्येक कंपायलरवाल्यावर सोडलंय. त्यामुळे एकच सीड विंडोजवर एक सडा टाकू शकतं आणि लिनक्सवर दुसरा.

एकदा आमच्या साहेबांनी मागून येऊन स्क्रीन पाहिली. "हे कसलं रँडम? इथे सगळे गोळा झालेत, तिथे भोक पडलंय." खरा सडा असाच पडतो हे डोळ्याला पटत नाही. लंडनवर जर्मनांचे उडते बॉम्ब पडायचे तेव्हा लोकांनाही वाटायचं की ठराविक वस्त्यांवर नेम धरलाय. १९४६ मध्ये आर. डी. क्लार्क या विम्याचे हिशेब करणाऱ्या गृहस्थाने दक्षिण लंडनचे १४४ चौरस किलोमीटर ५७६ सारख्या चौकोनांत वाटले आणि ५३७ बॉम्ब मोजले. २२९ चौकोन कोरे, ९३ चौकोनांत दोन-दोन, एका चौकोनात तर सात. आंधळेपणाने टाकले तर कोरे किती राहावेत? सुमारे २२७. साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, डेमोला मात्र नीट पसरलेले दाखव. दाखवले. त्याला वेगळी पद्धत आहे, दोन ठिपक्यांत किमान अंतर राखणारी. दिसते छान. टेस्टच्या कामाची नाही.

हे सगळं बसल्यावर वर्षभर शांतता होती. मग काकांनी उपग्रहांवरून जागा मोजणारं डीजीपीएस घेतलं आणि पुण्याजवळच्या एका प्लॉटची फाइल पाठवली. यावेळी १०००, १००० नव्हतं, यूटीएम या नकाशा-पद्धतीचे खरे निर्देशांक होते. पूर्वेला तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार, उत्तरेला वीस लाख अठ्ठेचाळीस हजार. त्रिकोण एकमेकांवर चढलेले, कंटूरचा नुसता गुंता. वर्तुळाच्या त्या न शिवलेल्या सूत्रात आम्ही निर्देशांकांचे थेट वर्ग करत होतो. वर्गच चार लाख कोटींच्या पुढे, त्यांचे पुन्हा गुणाकार. दहा मीटरच्या चौकटीत खरं उत्तर दहा हजारांच्या घरातलं, आणि आकडे टेकवण्याची चूक कोट्यवधींची. आधी एक ठिपका बाकीच्यांतून वजा करून मग वर्ग केले असते तर काही झालं नसतं.

माझा सगळा मसाला शून्याभोवती शिजत होता. सीगॅलची यंत्रं आपणहून तिथेच ठिपके टाकतात आणि तो मध्य हलवायचं मला कधी सुचलंच नव्हतं. वजाबाकी बसवली, गुंता सुटला. त्याच संध्याकाळी टेस्टमध्ये प्रत्येक ठिपक्याला ३७८००० आणि २०४८००० मिळवणारी ओळ घातली आणि पुन्हा चालवली. पहिल्याच सीडला टेस्ट पडली, अठरावी जागा निघाली.