‘जरा बघून जा’

रंगकामासाठी माळा रिकामा केला तेव्हा वह्यांचा गठ्ठा खाली आला. पहिली वही 2005च्या पाडव्याची. वर ‘श्री’ आणि खाली पहिली नोंद : ट्यूबचा चोक बदलला, मजुरी 20 रुपये. तेव्हापासून 2024पर्यंत वीस दिवाळ्या झाल्या, वह्या मात्र एकोणीसच भरल्या. 2020 साली नवी वही आणावीच लागली नाही, कारण आधीचीच निम्मी पानं कोरी होती.

बजाजनगरात एकट्यानं केलेल्या धंद्याचा एवढाच पुरावा माझ्याकडे आहे. वायरिंग, नळ, पाण्याची मोटर, दाराची कडी, खिडकीची जाळी, टाकीचा बॉल, जे निघेल ते. दुकान नाही, पाटी नाही, हाताखाली पोरगं नाही.

बाहेरच्यांसाठी थोडं गावाबद्दल. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्यामागे सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आले आणि कामगारांच्या राहण्यासाठी एमआयडीसीच्या प्लॉटांवर ही वसाहत उभी राहिली. जालना, बीड, परभणी, खान्देश, विदर्भ, सगळीकडची माणसं इथं आली. मीही जालन्याच्या आयटीआयमधून वायरमन होऊन आलो आणि एका कारखान्यात ठेकेदाराकडून मेंटेनन्सला लागलो. ठेकेदाराचं कंत्राट संपलं आणि आम्ही बारा जण एकाच दिवशी गेटबाहेर आलो. खोलीभाडं थकलं होतं. घरमालकाची मोटर जळाली होती, ती मी चालू करून दिली, त्यांनी एका महिन्याचं भाडं सोडलं. धंद्याचं भांडवल ते.

पहिल्या चार-पाच वह्यांत एकच शब्द पानोपानी आहे : इन्व्हर्टर. त्या वर्षांत महाराष्ट्रभर भारनियमन होतं आणि ज्याच्या घरी दहावीचं पोरगं त्याला इन्व्हर्टर हवाच. विकणारा दुकानदार बॅटरी ठेवून निघून जायचा, मागची वायरिंग माझ्याकडे. जुन्या घरांत पंखा, दिवे, प्लग सगळं एकाच लाइनवर, ते वेगळं करताना किटकॅट फ्यूज उपटून एमसीबी बसवल्या. अर्थिंग नावालाच असायचं, वायर मीटरबोर्डापर्यंत यायची आणि पुढं कुठंच जायची नाही. पैसे मिळाले ते याच कामात. सायकल विकून सेकंडहँड एम-80 घेतली ती 2008 साली, आणि तिला शिडी बांधून आषाढीच्या दिवशी पंढरपूरच्या चौकातून जायचा मूर्खपणा एकदाच केला. हे आमचं वाळूजचं छोटं पंढरपूर. आषाढीला इथं इतकी गर्दी असते, की पायी चालणाऱ्यालाही वाट मिळत नाही. तेव्हापासून आषाढी एकादशीला काम बंद. लोकांना वाटतं उपास आहे.

या गावाचं घड्याळ पाळीवर चालतं, हे मला उशिरा कळलं. सकाळी अकराला मी एका घरी भिंतीला भोकं पाडत होतो. शेजारचा माणूस बनियनवर बाहेर आला, काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. रात्रपाळी करून आलेला. त्याचे डोळे पाहून मीच मशीन बंद केलं. पुढं वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर घरांच्या पाळ्या लिहायला लागलो : आरएल अमुक, नाईट; आरएम तमुक, फर्स्ट. हत्यारांच्या पेटीइतकीच ही यादी कामाला आली.

पाण्याची पानं वेगळीच वाचायला लागतात. एमआयडीसीचं पाणी जायकवाडीहून येतं आणि ते कमी पडलं की बोअर. बोअरचं पाणी जड. गिझरची कॉइल उघडली की तिच्यावर पांढरा खडा चढलेला, अंड्याच्या टरफलासारखा. थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी फुटते. ग्राहकाला वाटतं कंपनी खराब. 2016च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यावर गेली, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्यकारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात करायला सांगितलं, तेव्हा घराघरांत एकच काम निघालं : टाकीवर दुसरी टाकी. एप्रिल आणि मे मिळून माझी अर्धी वही टाक्या आणि बॉल कॉक यांनी भरली आहे. दुष्काळात माझं घर चांगलं चाललं, हे लिहिताना जीभ चावावीशी वाटते, पण वहीत तसंच आहे.

वहीत नाही ते आता सांगतो, कारण वह्या चाळताना तेच डोळ्यांपुढं येत होतं. ‘जरा बघून जा’ म्हणून केलेल्या फेऱ्या. ‘भाऊ, इकडं आलाच आहात तर जरा बघून जा.’ गेलो, पाहिलं, सांगितलं की पंख्याचा कंडेन्सर गेलाय. मग ‘बरं, सांगते यांना’. संध्याकाळी ते स्वतः कंडेन्सर आणून बसवणार. तेही बरोबर, दोन तारा जोडायला माणूस कशाला? पण पंखा जाम झालाय, वाइंडिंग गेलंय, की नुसता कंडेन्सर, हे ओळखायला मला पाच मिनिटं लागली, आणि ती पाच मिनिटं कमवायला दहा वर्षं. लोक वस्तूचे पैसे देतात, मजुरीचे घासाघीस करून देतात, ओळखण्याचे देत नाहीत. डॉक्टरनं नुसतं तपासलं तरी फी देतात. मिस्तरीनं नुसतं तपासलं तर चहा देतात. चहाला माझी ना नाही. एका पावसाळ्यात महिनाभर मी अशा फेऱ्यांच्या रेघा ओढून ठेवल्या. महिनाअखेर मोजल्या, एकोणचाळीस भरल्या. पेट्रोल माझं.

तरी व्हिजिटचे पैसे मागायची हिंमत व्हायला 2014 उजाडलं. 50 रुपये ठेवले, काम केलं तर मजुरीतून वजा. पहिल्या महिन्यात फोन घटले, बायको घाबरली. दुसऱ्या महिन्यात जे फोन आले ते खरे कामाचे होते. मोहटादेवी मंदिरामागच्या एका काकूंनी मात्र वर्षभर अबोला धरला. मग त्यांच्या न्हाणीचा पाइप फुटला आणि अबोला सुटला.

माझ्या चुकाही वहीत आहेत, लाल शाईनं. सर्वांत मोठी 2017ची. धनत्रयोदशीला टीव्हीचं ब्रॅकेट लावत होतो. नवं घर, सगळे पाइप भिंतीच्या आत. जुन्या जीआयच्या काळात पाइप भिंतीवरून जायचा, सुतळी-सफेदा लावून सांधा घट्ट केला की झालं, आणि तो दिसायचा तरी. सीपीव्हीसी आला आणि सगळं प्लास्टरखाली गेलं. चौथ्या भोकातून पाण्याची धार आली, थेट नव्या सोफ्यावर. मेन कॉक कुठं आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. गच्चीवर धावत जाऊन टाकीचा वॉल बंद केला तोवर दिवाणखान्यात घोटाभर पाणी. भिंत फोडणं, सांधा, प्लास्टर, रंग, सगळं माझ्या खर्चानं. त्या दिवाळीला घरात नवे कपडे आले नाहीत. मालकांनी मात्र मला पुन्हा बोलावलं. का, ते मी कधी विचारलं नाही.

दुसरी चूक म्हणजे 2013 साली शिडीवरून पडलो ती. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत ईएसआयसीचं कार्ड होतं, माझ्याकडे मोडकी शिडी. त्या सहा आठवड्यांच्या पानावर ‘जमा’ या रकान्याखाली काहीच नाही. एकट्याच्या धंद्यात मालक आजारी पडला की कामगारही आजारी पडतो आणि दुकानही. पुढं सप्टेंबर 2023मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना निघाली, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत. मी आशेनं यादी वाचली. अठरा व्यवसाय : सुतार, लोहार, गवंडी, कुलूप बनवणारा, होडी बांधणारासुद्धा. वायरमन नाही, प्लंबर नाही. बलुतेदारीच्या काळात वीज आणि नळ नव्हते, हे खरंच. पण यादी तर आत्ता केली ना?

2020चं सांगण्यासारखं फारसं नाही. मार्चअखेर सगळं थांबलं, जुलैत वाळूज परिसरात पुन्हा कडक टाळेबंदी आली. लोक घरात होते, म्हणजे घरातलं सगळंच बिघडत होतं, आणि मला कुणी उंबऱ्याच्या आत घेईना. फोनवरून, व्हिडिओ कॉलवर काम सांगितलं. ‘काका, आता कुठली वायर?’ असं विचारणारी पोरं तेव्हा तयार झाली. त्याचे पैसे मागितले नाहीत, ते वहीतही नाहीत. याच काळात मी ‘भाऊ’चा ‘काका’ झालो.

आता काम बदललंय. ट्यूब-चोक गेले, एलईडी जळाला तर बदलतात, दुरुस्त करत नाहीत. 2023पासून पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं, बीएलडीसी पंखे आले. त्यात कंडेन्सर नाही, सर्किट आहे, आणि ते बिघडलं की कंपनीच्या माणसाकडे बोट दाखवावं लागतं. मोबाइलवरून कारागीर मागवायची सोयही शहरातून इकडं सरकते आहे. माझ्यासारख्याला त्याची भीती वाटायला हवी. मला फार वाटत नाही. अॅपवर ‘काय बिघडलंय’ ते आधी निवडावं लागतं, आणि काय बिघडलंय हेच तर लोकांना ठाऊक नसतं.

विसावी वही आणली आहे. व्हिजिट आता 150 रुपये, काम केलं तर वळते. घर बांधत असाल तर प्लास्टर करण्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेवा आणि मेन कॉक कुठं आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. रात्रपाळीचं घर असेल तर फोनवरच सांगा, ड्रिल मशीन चारनंतर लावतो.