चार हार्डडिस्कांचा हिशेब

कागद भिजतो, जळतो, त्याला कसर लागते. म्हणून अनेक ग्रंथालये आपली जुनी मासिके आणि दप्तरे स्कॅन करून संगणकात ठेवू लागली आहेत. काम चांगले आहे. पण संगणकात गेले म्हणजे चिरंजीव झाले, ही समजूत खरी नाही. कसर लागते ती हळूहळू, डोळ्यांदेखत. हार्डडिस्क मात्र रात्री नीट चालते आणि सकाळी उघडतच नाही. तेव्हा डिस्क कधी ना कधी जाणार, हे धरूनच मांडणी करायची असते. ती कशी करावी, हे एका लहान ग्रंथालयाचे उदाहरण घेऊन पाहू.

समजा, या ग्रंथालयाला दोन लाख पाने साठवायची आहेत. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले आणि फाइल दाबून लहान केली नाही, तर पानाला सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे सगळी मिळून ५.२ टेराबाइट. त्यासाठी ४ टेराबाइटच्या चार डिस्का एका पेटीत बसवल्या. बेरीज १६. आता यातली किती जागा वापरायची आणि किती विम्यापोटी सोडायची, हा खरा प्रश्न.

१९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. एका महाग डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्का जोडाव्यात. पण डिस्का वाढल्या की त्यांतली एखादी बिघडण्याचा संभवही वाढतो, म्हणून थोडी जादा माहिती जवळ बाळगावी, असे त्यांचे म्हणणे. या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात.

तिचे तीन प्रकार आपल्या कामाचे. पहिला आरशाचा. डिस्कांच्या दोन जोड्या लावायच्या; एकीवर जे लिहिले तेच तिच्या जोडीदारणीवर. वापरायला ८ टेराबाइट उरतात.

दुसरा प्रकार पॅरिटीचा. आता बघा, तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवली. मधली डिस्क गेली. मग काय करायचं? विसातून सात आणि नऊ वजा केले की हरवलेले चार परत मिळाले. प्रत्यक्षात हे गणित शून्य-एकच्या भाषेत चालते आणि ही बेरीज एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कांवर पाळीपाळीने वाटलेली असते; पण मर्म हेच. यात १२ टेराबाइट वापरता येतात.

तिसरा प्रकार दुहेरी पॅरिटीचा. दोन अज्ञात संख्या काढायला दोन समीकरणे लागतात, हे शाळेत आपण शिकलोच आहोत. इथेही दोन वेगवेगळी समीकरणे साठवतात, म्हणून कोणत्याही दोन डिस्का गेल्या तरी निभावते. उरतात ८ टेराबाइट.

बारा मिळत असताना आठ कोण घेईल, असे वाटणे साहजिक आहे. पण धोका आहे तो डिस्क बदलल्यानंतरच्या तासांत. ४ टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरली तरी जवळजवळ साडेसात तास लागतात. मध्ये लोकांचे काम चालू असेल तर आणखी. साध्या पॅरिटीत तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्का अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच झिजलेल्या असतात. त्यांतली आणखी एक गेली की सगळेच गेले. शिवाय घरगुती वापराच्या पुष्कळ डिस्कांच्या माहितीपत्रकात, साडेबारा टेराबाइट वाचताना एखादी जागा न वाचता येण्याची मुभा कारखान्याने स्वतःच ठेवलेली असते. प्रत्यक्षात डिस्का याहून बऱ्या निघतात हे खरे. पण आपल्याला वाचायचे आहेत १२!

उरले दोन पर्याय, दोन्ही आठाचे. आरशात काम जलद चालते आणि नवी डिस्क भरायला एकच डिस्क वाचावी लागते. पण एक गेल्यावर दुसरी गेली आणि ती नेमकी जोडीदारीणच असली, तर अर्धी माहिती बुडाली. तिघींत एक, असा हा संभव. दुहेरी पॅरिटीला कोणतीही दुसरी चालते. ग्रंथालयाला वेगाची घाई नाही. त्याने दुहेरी पॅरिटी घ्यावी. आठातले ५.२ भरतात, म्हणजे वाढीलाही जागा राहते.

आणखी एक प्रश्न आहे. दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती प्रती ताडून पाहून. डिस्कवरचे अक्षर गुपचूप बदलले तर साध्या आरशाला ते कळत नाही. सन कंपनीने २००५ साली खुल्या केलेल्या झेडएफएससारख्या व्यवस्था प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या वेगळी जपतात आणि चुकीचा तुकडा ओळखून दुरुस्त करतात. ही तपासणी महिन्यातून एकदा चालवावी. प्रत्येक डिस्कचा क्रमांक तिच्या कप्प्यावर चिकटवून ठेवावा. बिघडलेली सोडून चांगलीच डिस्क उपटली गेली, असे प्रकार घडतात.

बरं, एवढे केले म्हणजे निर्धास्त झालो का? नाही. चुकून फाइल पुसली, तर रेड ती सर्व डिस्कांवरून तत्परतेने पुसते. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रत काढली, तर तीही सदोष निघाली. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने चित्रपट वाचवला. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे माहिती-केंद्र जळाले. काही ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या.

म्हणून मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या इमारतीत असावी. वर्षातून दोनदा त्या दूरच्या प्रतीतून शंभर पाने परत आणून, उघडून पाहावीत. पैसे थोडे असतील तर पाचवी डिस्क पेटीत बसवू नये. बाहेरच्या प्रतीसाठी घ्यावी. पेटीतल्या जादा डिस्कांमुळे एक डिस्क गेली तरी ग्रंथालय बंद पडत नाही. पण ग्रंथालयच जळाले तर दोन लाख पाने परत देणारी प्रत ती बाहेरचीच.